दोषांसकट वाजली पाहिजे

सिड प्रकारची संगीताची फाइल साधारण चार-पाच हजार बाइटची असते. सकाळी मोबाइलवर येणारा सुप्रभातचा फोटोसुद्धा तिच्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठा भरतो. तरीही तिच्यातून तीन-चार मिनिटं भरगच्च संगीत वाजतं. खर्जात ठेका चालू असतो, वर सुरावट धावत असते आणि मधूनमधून ढोल पडत असतो. एवढ्याच लांबीच्या एमपीथ्री गाण्याला तीन-चार एमबी जागा लागते. इतकी काटकसर जमते कारण सिड फाइलीत आवाज भरलेलाच नसतो. तिच्यात एक छोटा प्रोग्राम असतो, कमोडोर ६४ या संगणकासाठी लिहिलेला. तो संगणक आणि त्यातली आवाजाची चिप समोर असेल तरच त्या प्रोग्रामचं संगीत होतं.

गेली काही वर्षं मी फावल्या वेळात अशा फाइली वाजवणारा एक प्लेअर लिहितो आहे. सुरुवातीला वाटलं होतं की चार रविवारांचं काम आहे. मग कळलं की आपल्याला वाद्यच बांधायचं आहे, तेही हाताला न लागणारं, नुसत्या आकड्यांचं. आणि ते वाद्य मूळ चिपपेक्षा सुधारलेलं असून चालत नाही. तिच्यात जे बिघाड होते ते सगळे त्यात आले पाहिजेत.

कमोडोर ६४ जानेवारी १९८२ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आला आणि त्याच वर्षी ५९५ डॉलरला विकला जाऊ लागला. ६४ केबी मेमरी, टीव्हीला जोडायची सोय आणि घरात परवडेल अशी किंमत. पुढच्या बारा वर्षांत तो एक कोटीहून अधिक विकला गेला. त्यातली आवाजाची चिप एमओएस टेक्नॉलॉजी या कमोडोरच्याच कंपनीत बॉब यानेस या तरुण अभियंत्याने आखली. तिचा क्रमांक ६५८१ आणि नाव सिड. यानेसला सिंथेसायझरचं वेड होतं, आणि तेव्हाच्या संगणकांत बसवलेल्या आवाजाच्या चिपा त्याला अगदीच बाळबोध वाटत. त्याला ३२ चॅनलची चिप करायची होती, पण हाती जेमतेम काही महिने होते. मग त्याने सुराचं एकच जनित्र आखलं आणि तेच तीनदा बसवलं. त्यामुळे सिडला तीनच चॅनल आहेत. यानेसने पुढे कमोडोर सोडून सहकाऱ्यांसोबत एन्सोनिक ही वाद्यं बनवणारी कंपनी काढली.

या तीन चॅनलमध्ये जे होतं ते मात्र घरगुती संगणकात तोवर कुणी दिलं नव्हतं. प्रत्येक चॅनलला त्रिकोणी, करवती, चौकोनी आणि गोंगाट अशा चार प्रकारच्या लहरी. सूर किती वेळात चढायचा, कुठपर्यंत उतरायचा, कोणत्या पातळीवर टिकायचा आणि सोडल्यावर किती वेळात विरायचा, हे ठरवण्याची स्वतंत्र सोय. आणि सगळ्यांवर मिळून एक फिल्टर, म्हणजे आवाजातला तीक्ष्णपणा किंवा घुमारा कापणारी चाळणी. हे सगळं २९ रजिस्टरमधून चालायचं. रजिस्टर म्हणजे एक आकडा ठेवायची जागा. सूर लावायचा तर त्या जागांत आकडे टाकायचे.

पेटीवरची पांढरी सहा, म्हणजे ४४० हर्ट्झचा सूर, सिडवर लावून बघू. युरोपातल्या कमोडोरचं क्लॉक सेकंदाला ९,८५,२४८ ठोके देतं. चिपच्या पोटात २४ बिटांचा एक गणक असतो. त्यात दर ठोक्याला आपण दिलेला आकडा मिळवला जातो आणि गणक भरून सांडला की लहरीचं एक आवर्तन पूर्ण होतं. गणकात १,६७,७७,२१६ इतकं मावतं. हिशोब केला तर ४४० हर्ट्झसाठी ७४९२ हा आकडा येतो. एका जागेत २५५ पर्यंतचाच आकडा बसतो, म्हणून त्याचे दोन तुकडे करायचे. २९ गुणिले २५६ अधिक ६८. मग ५४२७२ या पत्त्यावर ६८ टाकायचे आणि ५४२७३ वर २९. ५४२७७ वर ९ टाकले की सूर चटकन लागून पाऊण सेकंदात उतरेल. ५४२९६ वर १५ म्हणजे व्हॉल्यूम पूर्ण. शेवटी ५४२७६ वर ३३, म्हणजे करवती लहर आणि ‘वाजव’ हा हुकूम. एवढं केलं की तार छेडल्यासारखा एक सूर उमटतो.

एका सुराला पाच आकडे लागले. मग सबंध गाणं कसं बसवायचं? संगीतकारांनी टीव्हीच्या पडद्याचा आधार घेतला. युरोपच्या पाल पद्धतीत पडद्यावरचं चित्र सेकंदाला सुमारे पन्नास वेळा नव्याने रंगवलं जातं आणि दर वेळी प्रोसेसरला खूण मिळते. त्या खुणेला संगीताचा छोटा प्रोग्राम जागा होतो, रजिस्टरमधले आकडे बदलतो आणि परत झोपतो. रॉब हबर्डने १९८५ मध्ये ‘कमांडो’ आणि ‘माँटी ऑन द रन’ या खेळांचं संगीत केलं, तेव्हाचा त्याचा हा प्रोग्राम सुमारे हजार बाइटचा होता. तीन चॅनलमध्ये सा, ग आणि प एकदम वाजवले तर ठेक्याला जागा उरत नाही. म्हणून एकाच चॅनलवर सेकंदाच्या दर पन्नासाव्या भागाला सा, ग, प, सा, ग, प असे सूर पालटत राहायचे. कानाला ते झिलमिलत्या एकत्र सुरासारखं लागतं. खर्जाच्या चॅनलवरच ढोलही वाजवायचा. पहिल्या पन्नासाव्या भागात गोंगाटाची लहर, लगेच चौकोनी लहर आणि तिचा सूर झपाट्याने खाली. जुन्या खेळांचं संगीत असं सतत थरथरत असतं, ते या अडचणीतून आलेलं आहे.

आता हे सगळं आजच्या लॅपटॉपवर वाजवायचं. फाइलीच्या सुरुवातीला गाण्याचं आणि संगीतकाराचं नाव असतं, प्रोग्राम मेमरीत कुठे ठेवायचा तो पत्ता असतो, आणि आणखी दोन पत्ते असतात. एक गाणं सुरू करायचा, दुसरा दर खुणेला जाग आणायचा. पुढचा सगळा मजकूर कमोडोरमधल्या ६५१० या प्रोसेसरच्या भाषेतला. म्हणून प्लेअरला आधी तो प्रोसेसर आपल्या पोटात उभा करावा लागतो. त्याच्या ५६ सूचना, ६४ केबी मेमरी आणि प्रत्येक सूचनेला नेमके किती ठोके लागतात त्याचा हिशोब. काही संगीतकारांनी पुस्तकात न छापलेल्या सूचनाही वापरल्या आहेत, त्याही यायला हव्यात. हा भाग मेहनतीचा आहे, पण त्याची माहिती बिनचूक उपलब्ध आहे आणि चूक झाली तर गाणं थांबतं, म्हणजे चूक लगेच दिसते. आवाजातल्या चुका अशा दिसत नाहीत. त्या ऐकून शोधाव्या लागतात.

ठोक्यांचा हिशोब मात्र पहिल्या दिवसापासून चोख हवा. पाल पद्धतीच्या कमोडोरमध्ये पडद्याच्या ३१२ ओळी आणि दर ओळीला ६३ ठोके, म्हणजे एका चित्राला १९,६५६ ठोके. त्यावरून जाग येण्याचा वेग सेकंदाला ५०.१२ पडतो. अमेरिकन यंत्रात हाच वेग ५९.८ आहे आणि क्लॉकही थोडं जलद आहे. युरोपात रचलेलं गाणं अमेरिकन यंत्रावर तसंच वाजवलं तर लय सुमारे १९ टक्क्यांनी वाढते आणि पांढरी सहा काळी पाचच्या दिशेने दोन तृतीयांश अंतर सरकते. गाणं ओळखू येतं, पण ते घाई झाल्यासारखं वाटतं.

माझी पहिली खरी फजिती सुराच्या चढ-उतारात झाली. चिपच्या माहितीपत्रकात लिहिलंय तसं मी सगळं बसवलं. चढायला २ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत, विरायला ६ मिलिसेकंदांपासून २४ सेकंदांपर्यंत. माझ्या प्लेअरमध्ये एका गाण्यातल्या ढोलाचा प्रत्येक ठोका स्वच्छ पडायचा. खऱ्या कमोडोरच्या ध्वनिमुद्रणात मात्र अधूनमधून एखादा ठोका गिळल्यासारखा ऐकू यायचा. मला वाटलं, ध्वनिमुद्रणच खराब आहे. दोन आठवडे मी त्या ध्वनिमुद्रणाला दोष देत होतो.

ध्वनिमुद्रणात काहीच चूक नव्हती. सुराची पातळी कधी बदलायची हे ठरवायला चिपमध्ये १५ बिटांचा एक गणक आहे. तो ठरलेल्या आकड्याला पोचला की पातळी एक पायरी हलते आणि गणक परत पहिल्यापासून सुरू होतो. पण तो ‘आकडा ओलांडला का’ असं तपासत नाही, ‘आकडा बरोबर तोच आहे का’ एवढंच पाहतो. समजा गणक ५०० वर आहे आणि संगीतकाराने नवा सूर लावताना आकडा ३०० केला. ३०० तर मागे गेलेला. वर्तुळाकार मार्गावरच्या बसमध्ये आपला थांबा चुकावा तसं होतं. पूर्ण फेरी झाल्याशिवाय तो थांबा परत येत नाही. ही फेरी ३२,७६८ ठोक्यांची असते, म्हणजे ३३ मिलिसेकंदांची. जलद लयीत तेवढ्या वेळात ढोलाचा ठोका पडून विरूनही गेलेला असतो.

त्या काळच्या संगीतकारांनी हा दोष ओळखला आणि त्याच्याशी जमवून घेतलं. नवा सूर लावण्याच्या दोन खुणा आधीच जुना सूर सोडायचा, चढ-उताराचे आकडे ठरावीक करून ठेवायचे आणि गणकाला जागेवर आणायचं. याला ते हार्ड रिस्टार्ट म्हणत. त्यामुळे प्रत्येक सुरापूर्वी एक बारीकशी पोकळी तयार होते आणि सूर टणत्कारासारखा उमटतो. कमोडोरच्या संगीताचा तो टणक ठसका या बिघाडाने घडवला. मी तो दोष माझ्या प्लेअरमध्ये मुद्दाम आणला, आणि त्या रात्री ते गाणं पहिल्यांदा बरोबर वाजलं.

फिल्टरची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. सिडमधले सूर आकड्यांतून तयार होतात, पण फिल्टर खरोखरीचा विजेचा आहे. त्यात ट्रान्झिस्टरच विद्युतरोधासारखे वापरले आहेत आणि चिपबाहेर दोन छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. कारखान्यात सिलिकॉनच्या चकत्या तयार होताना प्रत्येक खेपेत ट्रान्झिस्टरचं वर्तन थोडं बदलायचं. परिणामी एकाच क्रमांकाच्या दोन चिपांना एकच आकडा दिला तर एकीवर आवाज मोकळा ऐकू येतो आणि दुसरीवर दाबल्यासारखा. मिरजेच्या एकाच कारागिराने केलेल्या दोन तंबोऱ्यांची जवारी सारखी बोलत नाही, तसंच हे. फरक इतकाच, की तंबोऱ्याची जवारी कारागीर हाताने लावतो, इथे कुणी लावली नव्हती.

संगीतकाराने घरी आपल्या चिपवर ऐकून गाणं बांधलं. शेजारच्या मुलाकडे ते वेगळंच वाजलं. मग खरं गाणं कोणतं? माझ्या मते संगीतकाराच्या खोलीत वाजलं ते. पण ती चिप आता कुठे असेल? म्हणून चांगले प्लेअर फिल्टरसाठी एक सरकपट्टी देतात. ती हलवून ऐकणाऱ्याने आपल्या कानाला पटेल तो मोकळेपणा निवडायचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डाग लेम याने रीसिड हा सिडच्या नकलेचा प्रोग्राम खुला केला, त्यात खऱ्या चिपांची मोजमापं घेऊन केलेले तक्ते होते. पुढे त्याने एकेका ट्रान्झिस्टरच्या वर्तनाचं गणित मांडून फिल्टर नव्याने लिहिला. आज सिड वाजवणारे बहुतेक प्लेअर या कामाच्या आधारावर उभे आहेत. माझाही.

आणखी एक दोष असा, की तो दुरुस्त झाल्याने नुकसान झालं. ६५८१ मध्ये व्हॉल्यूमचं रजिस्टर बदललं की सूर वाजत नसला तरी बारीक ‘टक्’ ऐकू येतो, कारण आत विजेचा एक स्थिर दाब गळत असतो. लोकांनी हे रजिस्टर सेकंदाला हजारो वेळा बदलून त्या टकटकीतून माणसाचं बोलणं आणि ढोल उमटवले. सोळाच पायऱ्या असल्याने आवाज खरखरीत, पण शब्द कळायचे. पुढे ८५८० ही सुधारित चिप आली. तिच्यात ही गळती जवळजवळ बंद झाली आणि जुन्या खेळांतलं बोलणं पुटपुटण्याइतकं मंद झालं. म्हणून फाइलीतच गाणं कोणत्या चिपसाठी आहे त्याची नोंद ठेवायची सोय आहे. प्लेअरने ती वाचलीच पाहिजे.

एवढं सगळं जुळल्यावरही एक अडचण उरते, आणि तिचा जुन्या यंत्राशी संबंध नाही. चिप सेकंदाला ९,८५,२४८ वेळा आवाजाची पातळी ठरवते. लॅपटॉपला हवेत सेकंदाला ४४,१०० आकडे. म्हणजे दर बावीस-तेवीस ठोक्यांतला एक आकडा उचलायचा. मी तसाच उचलला, आणि वरच्या सुरांवर कुठूनतरी बेसूर शिट्टी येऊ लागली.

त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. चौकोनी लहरीत मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे सूर दडलेले असतात आणि ते कमी होत होत पुढे जात राहतात. मूळ सूर ३,००० हर्ट्झचा असेल तर त्याचा तेरापट सूर ३९,००० आणि पंधरापट ४५,००० हर्ट्झचा. आपल्या कानांना २०,००० च्या पलीकडचं ऐकू येत नाही, म्हणून खऱ्या चिपमध्ये ते असून नसल्यासारखे असतात. पण सेकंदाला ४४,१०० आकड्यांत त्याच्या निम्म्याहून वरचा सूर मावत नाही. तो नाहीसा न होता दुमडून खाली येतो. ३९,००० चा सूर ५,१०० वर दिसतो आणि ४५,००० चा ९०० वर. हे दोन्ही सूर मूळ सुराशी कुठल्याच नात्यात बसत नाहीत. मींड घेत मूळ सूर वर गेला की ५,१०० चा तो उपरा सूर उलट खाली घसरतो. उपाय असा, की आकडे उचलण्याआधीच ऐकू न येणारे सूर गाळून टाकायचे. एका आकड्यासाठी मागचे-पुढचे शेकडो ठोके विशिष्ट प्रमाणात मिसळायचे. हे करताना प्रोसेसरवर येणारा ताण चिपच्या नकलेहूनही जास्त असू शकतो. पण शिट्टी गेली की गाण्याभोवतीचं धुकं विरल्यासारखं वाटतं.

इतर चिपांसाठी याच वाटेने जायचं. एवाय-३-८९१० या कुळातली चिप स्पेक्ट्रम १२८ आणि एमएसएक्स संगणकांत होती, तिची यामाहाने बनवलेली आवृत्ती अटारी एसटीत. भारत सरकारने १९८४ मध्ये क्लास प्रकल्पाखाली शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले, त्यांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची तीन सूर आणि एक गोंगाट देणारी चिप होती. यांना सिडसारखा फिल्टर नाही, त्यामुळे काम सोपं.

आपल्याकडच्या वाचकांच्या कानांना ओळखीची चिप मात्र वेगळीच आहे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत टीव्हीला जोडायचा ‘कॅसेटवाला’ व्हिडिओ गेम होता. मे महिन्याच्या सुट्टीत त्यावर मारिओ आणि कॉन्ट्रा चालायचं. ती यंत्रं निन्टेंडो कंपनीची मूळ यंत्रं नव्हती, त्यांच्या नकला होत्या. मूळ चिपमध्ये दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी, एक गोंगाटाची आणि मुद्रित आवाजासाठी एक असे पाच चॅनल. त्रिकोणी लहरीला आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही, म्हणून त्या संगीतात खर्ज एकाच जोराने चालतो. नकली यंत्रांतल्या अनेक चिपांत चौकोनी लहरीच्या दोन रुंदींची अदलाबदल झालेली होती. जिथे सूर अनुनासिक हवा तिथे पोकळ आणि पोकळ हवा तिथे अनुनासिक. सुरावट तीच, गळा वेगळा. काही प्लेअरमध्ये आणि खेळांच्या नकला करणाऱ्या प्रोग्राममध्ये ही अदलाबदल चालू करायची सोय मिळते. मी माझ्या प्लेअरमध्ये ती दिली आहे. कॉन्ट्रा ऐकताना मी ती चालूच ठेवतो, कारण मी लहानपणी ऐकलेला आवाज तो आहे.

सिडवरच्या पन्नास हजारांहून अधिक रचना हाय व्होल्टेज सिड कलेक्शन या संग्रहात १९९६ पासून जमवलेल्या आहेत. चिपांचं आवरण आम्लाने विरघळवून, आतल्या ट्रान्झिस्टरचे सूक्ष्मदर्शकातून फोटो घेऊन, त्यांवरून तारांचे नकाशेही काढले गेले आहेत. युरोप-अमेरिकेतल्या यंत्रांची अशी निगा राखली गेली. आपल्या टीव्ही गेमांच्या चिपांची त्या मानाने फारच थोडी नोंद आहे.

तुमच्या माळ्यावर असा एखादा गेम पडला असेल तर तो भंगारात देऊ नका. जुना अडॅप्टर थेट लावू नका, आधी मल्टिमीटरने त्याचा व्होल्टेज तपासा. मग आवाजाची वायर संगणकाला जोडून दोन-तीन खेळांचं सुरुवातीचं संगीत पूर्ण रेकॉर्ड करा, आणि झाकण उघडून मोठ्या चिपांवर छापलेले आकडे कागदावर उतरवून त्या रेकॉर्डिंगसोबत ठेवा. बऱ्याच यंत्रांत चिपऐवजी काळ्या डांबरासारखा थेंब दिसेल. तसं असेल तर तेही लिहून ठेवा.